मे महिन्यात घराला पडणाऱ्या भेगा: गच्चीच्या की मातीच्या?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. अमरावती जिल्ह्यात दर्यापूरला आईवडिलांचं घर, बारा वर्षांपूर्वी बांधलेलं, तळमजला आणि वर एक मजला. गेल्या दोन-तीन उन्हाळ्यांत वरच्या खोल्यांमध्ये स्लॅबच्या लगेच खाली आडव्या भेगा दिसू लागल्या. खाली पश्चिमेच्या बेडरूममध्ये खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग निघाली. हॉलमधल्या फरश्या एका दुपारी धाडकन आवाज होऊन उचलल्या गेल्या. कंत्राटदाराचं म्हणणं, सगळ्या गच्चीवर कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा जाड थर टाका, सगळं थांबेल. मेच्या मध्यावर आईवडील घर बंद करून तुमच्याकडे पुण्याला येणार आहेत, आणि त्याआधी काय करून घ्यावं हे तुम्हाला हवं आहे.

मी अमरावती-अकोला भागात घरांच्या दुरुस्तीची कामं करतो, आणि असे प्रश्न एप्रिल लागला की सुरू होतात. कंत्राटदार खोटं बोलतोय असं नाही. तो तीन वेगळ्या दुखण्यांना एकच औषध देतोय. वरची आडवी भेग उन्हाने तापलेल्या स्लॅबची असावी, खालची तिरपी भेग बहुधा काळ्या मातीची, आणि फरश्यांचा या दोन्हींशी फारसा संबंध नाही. ‘असावी’ आणि ‘बहुधा’ म्हणतोय, कारण घर कॉलम-बीमचं आहे की विटांच्या भिंतींवर स्लॅब टेकवलाय, पाया किती खोल गेलाय आणि खाली काळी माती किती फूट आहे, हे फोटोवरून कळत नाही. पण कुठली भेग कुणाची, हे बरंचसं तुम्ही स्वतः घरबसल्या ओळखू शकता.

आधी स्लॅबचं बघू. नागपुरात २३ मे २०१३ला ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं, पण ते सावलीतलं. उघड्या राखाडी गच्चीचा पृष्ठभाग अशा दुपारी साठ अंशांच्या वर जातो. काँक्रीट दर अंशाला, दर मीटरमागे, साधारण मिलिमीटरचा शंभरावा भाग वाढतं. तुमचा स्लॅब चाळीस फूट, म्हणजे बारा मीटर धरा. जानेवारीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत स्लॅबच्या सरासरी तापमानात चाळीस अंशांचा फरक पडला, तर तो जवळपास पाच मिलिमीटर लांब होतो. त्याखालची विटांची भिंत सावलीत असते, आणि वीट काँक्रीटच्या साधारण निम्मीच प्रसरण पावते. म्हणजे वरचा तुकडा सरकू बघतो आणि खालची भिंत जागची हलत नाही. दोघांच्या सांध्यात प्लास्टर फाटतं, तीच तुमची आडवी भेग. ती फक्त सर्वांत वरच्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतींवर आणि घराच्या टोकांकडे जास्त दिसते. खालच्या मजल्यावर तशीच भेग नसेल तर हे निदान जवळजवळ पक्कं समजा.

कुणीतरी तुम्हाला ‘विस्तार-सांधा सोडला नाही म्हणून असं झालं’ असंही सांगितलंय. विस्तार-सांधा म्हणजे बांधकामाला उन्हाने वाढायला मुद्दाम सोडलेली फट. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात साधारण ४५ मीटरपेक्षा लांब इमारतीला असा सांधा देण्याचा विचार सांगितलाय. चाळीस फुटांच्या घराला त्याची गरज नव्हती. इंजिनियरला दोष देऊ नका, निदान या बाबतीत.

आता खालची तिरपी भेग. पूर्णा नदीच्या खोऱ्यातली काळी माती कशी वागते हे तिथे वाढलेल्या माणसाला मी सांगायला नको. शेतात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाऊस पडला की तीच माती फुगून मिटते. घराखाली वेगळं काही होत नाही. फरक एवढाच की घराच्या मधोमध जमिनीवर ऊन पडत नाही, तिथला ओलावा टिकतो. कडेची माती सुकते आणि आक्रसते. मग कोपरे खाली बसतात आणि मधला भाग तसाच राहतो. खिडकीचा कोपरा ही भिंतीतली सर्वांत कमकुवत जागा, म्हणून भेग तिथूनच निघते. वर रुंद आणि खाली निमुळती होत गेलेली भेग असेल, तर साधारणपणे त्या टोकाचा कोपरा खाली गेलाय.

दारं याबाबत खूप काही सांगतात. लाकडी दार पावसाळ्यात ओल धरून फुगतं आणि अडकतं, यात नवल नाही. उन्हाळ्यात लाकूड सुकून आक्रसतं, तेव्हा दार सैल व्हायला हवं, फार तर कडी-कोयंडा जुळत नाही. ज्या घरात दार मे महिन्यात अडकतं आणि सप्टेंबरमध्ये आपोआप सुटतं, तिथे लाकडाचा दोष नसतो, चौकटीचा काटकोन गेलेला असतो. खालची जमीन हलतेय. आईंना फोन करून एवढं एकच विचारा: पश्चिमेच्या खोलीचं दार कुठल्या महिन्यात कुरकुरतं?

खात्री करायची असेल तर दोन्ही भेगांवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं एपॉक्सीने चिकटवा आणि बाजूला पेन्सिलीने तारीख लिहा. भेग हलली की काच तडकते. शिवाय भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खूण करून त्यांतलं अंतर महिन्यातून एकदा पट्टीने मोजायचं. स्लॅबच्या अंगातली भेग थंडीत उघडते आणि उन्हात मिटते. मातीची भेग मेअखेर सर्वांत रुंद असते आणि पावसाळ्यात मिटत जाते. एक वर्षाची अशी नोंद हातात असली की कुठलाही इंजिनियर तुम्हाला नेमका सल्ला देऊ शकतो. माझ्याकडे अशी वही घेऊन क्वचितच कुणी येतं, बहुतेक जण पुट्टी भरून, रंग देऊन मग येतात.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. कॉलम किंवा बीमच्या लांबीला समांतर भेग असेल, तिच्याजवळ गंजाचे तांबूस डाग असतील, स्लॅबचे पापुद्रे निघत असतील किंवा खोलीचा स्लॅब मध्ये झुकलेला दिसत असेल, तर उन्हाचा विषय सोडा. आतली सळई गंजतेय. तिथे काचेच्या पट्टीने वाट बघायची नाही, स्ट्रक्चरल इंजिनियरला लगेच दाखवायचं. भेगेत दोन रुपयाचं नाणं उभं आत जात असेल आणि ती भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसत असेल, तरीही तसंच.

गच्चीवर काय करावं, यावर मात्र माझं मत ठाम आहे. आधी पांढरी करा. मेच्या शेवटच्या आठवड्यात, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक मानले जाणारे नऊ दिवस, सुरू होतो त्याच सुमाराला, आपल्या भागात सूर्य दुपारी जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. त्यामुळे सगळा मारा गच्चीवर पडतो, त्याखालोखाल पूर्व-पश्चिमेच्या भिंतींवर, आणि दक्षिणेची भिंत त्या दिवसांत बरीचशी सुटते. लोक दक्षिणेला पडदे लावतात आणि गच्ची उघडी ठेवतात, हे उलटं आहे. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो, स्लॅब कमी तापतो, म्हणून कमी सरकतो. खोली गार होते हा वरचा फायदा. अहमदाबादने उष्णतेचा कृती आराखडा २०१३मध्ये केला आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करण्याचं काम त्यात घेतलं. तेलंगणाने तर २०२३मध्ये ‘कूल रूफ’साठी वेगळं धोरणच आणलं. म्हणजे ही काही घरगुती टूम नाही.

स्वस्तातला मार्ग चुन्याचा. चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, त्यात थोडं पांढरं सिमेंट आणि फेव्हिकॉल किंवा डिंकाचं पाणी घालायचं आणि झाडूने दोन हात मारायचे. पावसात तो बराचसा धुपतो, दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा करावा लागतो. डोळ्यांत उडू देऊ नका, चुना डोळा जाळतो. जास्त टिकावू हवा असेल तर उष्णता परावर्तित करणारे रंग मिळतात. घेताना डब्यावर ‘एसआरआय’ हा आकडा बघा, पृष्ठभाग उन्हात किती कमी तापतो ते तो सांगतो; शंभरच्या आसपास असेल तर चांगला. काहीही लावलं तरी धूळ बसली की निम्मा गुण जातो. होळीनंतर एकदा आणि मेमध्ये एकदा गच्ची झाडून पुसून घ्यायची. आणि हे काम सकाळी सातच्या आत उरका. तापलेल्या स्लॅबवर लावलेला रंग वरून सुकतो आणि खाली फुगे धरतो.

आता कंत्राटदाराचा कोबा. चार इंच जाडीला चौरस फुटामागे साधारण सतरा-अठरा किलो वजन येतं. हजार चौरस फुटांची गच्ची असेल तर सतरा-अठरा टन. बारा वर्षांपूर्वीच्या स्लॅबच्या हिशेबात ते वजन धरलं होतं का, हे बांधकामाचे मूळ नकाशे बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. कोबा उष्णता अडवतो म्हणण्यापेक्षा साठवतो आणि उशिरा सोडतो. दुपारी तीनला जाणवायची ती धग रात्री दहाला जाणवते. त्यावर पांढऱ्या तुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक केलं तर खरा गारवा येतो, पण तो पांढऱ्या रंगाचा, कोब्याचा नव्हे. शिवाय कोब्याला कधी तडा गेला तर पाणी आत इकडून तिकडे फिरतं आणि गळती नेमकी कुठली हे शोधता शोधता नाकी नऊ येतात. गच्चीचा उतार मुळातच चुकलाय आणि पाणी साचतं, असं असेल तर कोब्याचा विचार करा. नुसत्या उन्हासाठी नको.

हिरवी जाळी लावणार असाल तर ती गच्चीपासून सहा-सात फूट उंच, चारही बाजूंनी वारा खेळेल अशी लावा. स्लॅबवर अंथरलेली जाळी काही कामाची नाही. तिला नायलॉनच्या दोरीने पाण्याच्या टाकीच्या पाइपाला किंवा कठड्याच्या ग्रिलला बांधू नका. मेअखेर संध्याकाळी वावटळ आणि वळीव येतो तेव्हा जाळी शिडासारखी फुगते आणि ज्याला बांधली ते घेऊन जाते. टिनाच्या शेडचंही तेच: पत्र्यावर विटा ठेवून भागवायचं नाही, अँकर बोल्ट हवेत. घर बंद राहणार असेल तर निघण्याआधी जाळी सरळ उतरवून घडी करून ठेवा. त्यासाठीही मला जाळीपेक्षा चुना बरा वाटतो, त्याला राखणदार लागत नाही.

गच्चीवर पाणी मारण्याबद्दल तुम्ही विचारलंय. दुपारी दोनला, स्लॅब तापून लाल झालेला असताना थंड पाण्याच्या बादल्या ओतू नका. वरचा थर एकदम आकसतो आणि बारीक तडे वाढतात. ऊन उतरल्यावर, संध्याकाळी सहानंतर शिंपडा. पण दर्यापूर खारपाणपट्ट्यात येतं, त्यामुळे त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे: बोअरचं खारं पाणी गच्चीवर, भिंतीवर किंवा नवं प्लास्टर ओलं ठेवायला (क्युअरिंगला) अजिबात वापरू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. भिंतीला लोणा लागतो हे दिसतं तरी. तड्यांमधून आत गेलेले क्लोराइड सळई गंजवतात ते दिसत नाही. नळाचं पाणी पुरत नसेल तर शिंपडूच नका, नुसत्या चुन्यावर भागवा.

वरची आडवी भेग सिमेंटने किंवा पुट्टीने भरली तर पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा फाटणार, कारण हालचाल बंद झालेली नाही. ती थोडी रुंद करून, धूळ काढून, त्यात लवचिक पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे रबरासारखं ताणलं जाणारं भरण, भरायचं. गवंडी म्हणतील, दिसायला नीट येत नाही. न येऊ दे, वरून रंग देता येतो. गच्चीवर, स्लॅबच्या पृष्ठभागावर तडे असतील तर ते पहाटेच्या गारव्यात भरा, तेव्हा ते उघडे असतात. दुपारी मिटलेल्या तड्यावर थापलेलं सीलंट डिसेंबरात ताणून सुटतं. हे गच्चीचं काम पावसाच्या आधी झालंच पाहिजे. खालची तिरपी भेग मात्र मेमध्ये भरू नका. ती आत्ता सर्वांत रुंद आहे. कडक मसाल्याने ठासून भरली तर पावसाळ्यात माती फुगून भिंत परत जागेवर यायला बघेल आणि तिला जागाच राहणार नाही.

मातीसाठी करायचं ते भिंतीत नसतं, भिंतीच्या बाहेर असतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पश्चिमेच्या खिडकीला लोखंडी स्टँडवर कूलर दिसतोय आणि त्याखाली पायाशी हिरवट शेवाळ. मोठा कूलर दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी सहज पितो, आणि स्टँडवरून गळणारं, टाकी धुताना सोडलेलं सगळं एकाच कोपऱ्यात मुरतं. बाकीचे तीन कोपरे सुकून बसतायत आणि हा एक ओला राहून फुगतोय. काळ्या मातीला कोरडेपणाही चालतो आणि ओलही चालते, घराच्या एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरं, हे चालत नाही. विदर्भात खिडकीखालच्या किती भेगांचं मूळ कूलरच्या गळक्या फ्लोट व्हॉल्व्हमध्ये (टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या झडपेत) सापडतं, याचं बाहेरच्या माणसाला आश्चर्य वाटेल. व्हॉल्व्ह बदला, खाली ट्रे ठेवा, ट्रेचं पाणी पाइपाने घरापासून आठ-दहा फूट लांब न्या. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे, आणि तुमच्या यादीत मी ते सर्वांत वर ठेवीन.

पुढच्या हंगामात पैसे हाताशी असतील तर घराभोवती चारही बाजूंनी सव्वा मीटर रुंदीचं प्लिंथ प्रोटेक्शन करून घ्या. खालची काळी माती थोडी काढून मुरूम दाबायचा, वर काँक्रीट, उतार बाहेरच्या बाजूला. भिंत आणि काँक्रीट यांच्या सांध्यात सीलंट हवं, नाहीतर पावसाचं पाणी नेमकं तिथूनच पायाशी जातं. काळजीपूर्वक केलेलं हे एक काम माझ्या अनुभवात गच्चीवरच्या महागड्या थरांपेक्षा जास्त उपयोगी पडलंय. फोटोत कडुनिंब भिंतीपासून हातभर दिसतोय. उन्हाळ्यात झाडं मुळांनी लांबून पाणी ओढतात, त्यामुळे तो नंतर लावणार असता तर मी नको म्हटलं असतं. पण मोठं झालेलं झाड एकदम तोडूही नका. त्याने ओढलेलं पाणी जमिनीत परत साठतं, माती फुगते आणि नवी भेग पडते. फांद्या छाटून त्याची तहान कमी करा, पश्चिमेची सावलीही राहील.

फरश्यांचं थोडक्यात. व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणी शोषत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळावर ती नीट धरत नाही. त्यातून एकीला एक चिकटवून, मध्ये फट न सोडता आणि भिंतीला घट्ट टेकवून बसवली, तर उन्हाने वाढायला जागा नसते आणि दोन टाइल्स तंबूसारख्या वर उठतात. उठलेल्या काढा, टाइल अधेसिव्हवर दोन-तीन मिलिमीटरचे स्पेसर घालून बसवा, आणि भिंतीच्या कडेने स्कर्टिंगखाली झाकली जाईल एवढी फट सोडा. बाकीच्या टाइल्स नाण्याने वाजवून बघा. पोकळ आवाज येणाऱ्याच बदला.

विजेकडे मात्र कुणी भेगांइतकं लक्ष देत नाही. साध्या पीव्हीसी वायरचं वेष्टन तांब्याचं तापमान सत्तर अंशांपर्यंत सहन करतं. वरच्या मजल्याची वायरिंग स्लॅबमध्ये गाडलेल्या पाइपातून जाते. स्लॅबच पंचावन्न अंशांवर असेल तर वायरला तापायला पंधरा अंशच उरतात. चाळीस अंशांच्या हवेत तिला तीस मिळाले असते. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे तीच वायर मेच्या दुपारी साधारण सत्तर टक्केच भार पेलते, आणि नेमका तेव्हाच एसी आणि कूलर एकत्र चालू असतात. एसीला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची लाइन द्या आणि ती जमल्यास भिंतीवरून न्या. प्लग काढल्यावर पिना गरम लागत असतील किंवा सॉकेट पिवळट पडलं असेल तर इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलवा. कूलरला अर्थिंग आणि घराला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लगेच वीज तोडणारा स्विच, हवीच. ओल्या हाताने कूलरच्या पत्र्याला लागून दरवर्षी आपल्याकडे माणसं जातात.

कामाचा क्रम तुमच्यासाठी असा लावीन: या आठवड्यात कूलरची गळती आणि वायरिंग, मग चुना, मग पहाटे गच्चीचे तडे आणि वरची आडवी भेग. काचेच्या पट्ट्या आईवडील निघण्याआधी लावून घ्या. तिरपी भेग दिवाळीपर्यंत नुसती मोजायची. प्लास्टरचं नवं काम या उन्हात काढूच नका. सात ते दहा दिवस बारदान ओलं ठेवायला बंद घरात कोण असणार आहे?

घर बंद करताना फ्रिज रिकामा करून, दार किंचित उघडं ठेवून, मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरून तोही बंद. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावा. गच्चीवरचा वाळका पालापाचोळा, जुन्या गाद्या, रंगाचे डबे खाली आणा. गच्चीच्या टाकीचा आउटलेट व्हॉल्व्ह बंद करा, कारण उन्हाने ठिसूळ झालेला उघडा पाइप फुटला तर महिनाभर पाणी पुन्हा त्याच एका कोपऱ्यात मुरेल. आणि बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्यात, पाणी भरून वर चमचाभर तेल ओता. तेलामुळे पाणी लवकर उडत नाही. नाहीतर ट्रॅप कोरडा पडतो आणि परत आल्यावर घरभर गटाराचा वास आणि झुरळं. शेजाऱ्यांकडे एक किल्ली ठेवा, पहिला वळीव झाला की त्यांना गच्चीचे पाणी जायचे पाइप पाचोळ्याने तुंबले नाहीत ना एवढं बघायला सांगा.